घोणस आणि रक्तातलं सूत

कपाशी वेचताना बोंडाचं टोक कुणाच्या बोटात घुसलं? दाखव बरं. थेंबभर रक्त आलं आणि बघ, थांबलंसुद्धा! रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की आधी प्लेटलेट्स भोकाला बोळ्यासारख्या चिकटतात, मग त्या प्रथिनाचे धागे होऊन त्यांच्यावर जाळं विणतात. तुझ्या पणजीला पेळू करून सूत कातायला दिवस जायचा. रक्त ते काम काही मिनिटांत उरकतं.

मग अंगभर फिरणारं रक्त आतल्या आत का गोठत नाही? कारण रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, आणि रक्ताला गोठू न देणारे पदार्थ ते सतत तयार करतं. हा पहारा ढिला पडला की गुठळी झालीच समजा. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात कशी अडकते, हे रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन डॉक्टरांनी १८५६ सालच्या ग्रंथात मांडलं. गुठळीची तीन कारणं आजही त्यांच्याच नावानं शिकवतात. पहिलं, अस्तराला इजा. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटला की तिथे गुठळी धरते आणि झटका येतो. दुसरं, मंद प्रवाह. आपल्या कांग नदीत धार असते तिथे गाळ बसत नाही, संथ पाण्यात बसतो. पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर पाय न हलवता बसलं की पोटरीतलं रक्तही असंच संथ होतं. म्हणून मी गाडी थांबली की उतरून चार पावलं चालतो.

तिसरं कारण म्हणजे रक्तच गोठायला उतावीळ होणं. त्याचं सगळ्यात भयंकर रूप आपल्या बांधावर वेटोळं घालून बसतं: घोणस! तिचं विष रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकांना थेट जागं करतं. मग जखम नसलेल्या ठिकाणीही धागे होऊ लागतात, अंगातलं सगळं सूत संपतं, आणि पुढे रक्त गोठतच नाही. हिरड्यांतूनही वाहू लागतं. गंमत अशी, की १९३४ साली लंडनच्या मॅकफार्लेन आणि बार्नेट या डॉक्टरांनी हेच विष खूप पातळ करून हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या जखमांवर लावलं, आणि रक्त थांबलं!

साप चावलेल्या माणसाचं थोडं रक्त डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि २० मिनिटं अजिबात हलवत नाहीत. मग नळी आडवी करतात. रक्त पातळच राहिलं असेल, तर सूत संपलं म्हणायचं. तेव्हा लागते ती प्रतिविषाची लस, घोड्यांच्या रक्तापासून बनवलेली.

म्हणून सांगतो पोरांनो, शेतात कुणाला साप चावला तर करकचून बांधू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला हात-पाय हलू न देता तडक सरकारी दवाखाना गाठा.