परग्रहावरील जीवांशी संवाद : ऐकावे की बोलावे?

दिनांक १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीतून एक संदेश आकाशात सोडण्यात आला. संदेश जेमतेम तीन मिनिटांचा. त्यात १,६७९ संकेत होते. ही संख्या २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार होय. तितके रकाने व तितक्या ओळी पाडून संकेत मांडले की एक चित्र उमटते : एक ते दहा अंक, सजीवांच्या घडणीतील मूलद्रव्ये, मनुष्याकृती, सूर्यमाला आणि तीतील पृथ्वीचे स्थान. शौरी तारकासमूहातील एम-१३ या तारकागुच्छाकडे तो निघाला आहे. तेथे पोहोचावयास त्याला सुमारे २५,००० वर्षे लागतील, आणि उत्तर आलेच तर त्यालाही तितकीच.

हा सारा हौसेचा प्रकार, असे कोणी म्हणेल. परंतु ब्रिटनचे तत्कालीन राजखगोलशास्त्रज्ञ सर मार्टिन राईल यांना तसे वाटले नाही. ऐकणारे कोण व कोणत्या वृत्तीचे असतील हे ठाऊक नसताना आपला ठावठिकाणा कळविणे धोक्याचे आहे, असा आक्षेप त्यांनी घेतला. रेडिओ खगोलशास्त्रातील कार्याबद्दल राईल यांना १९७४ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले होते. तेव्हा ही भीती अज्ञानातून आली होती, असे म्हणता येणार नाही.

परग्रहावर जीव असण्याचा संभव तरी कितपत आहे? सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह प्रथम १९९५ साली आढळला. आज अशा परकीय ग्रहांची निश्चित संख्या ६,००० च्या वर गेली आहे. त्यांपैकी काही आपल्या ताऱ्यापासून अशा अंतरावर आहेत की, तेथे पाणी द्रवरूपात राहू शकेल. मात्र पृथ्वीबाहेर एखाद्या जीवाणूचाही खात्रीचा पुरावा अद्याप मिळालेला नाही, हे विसरून चालणार नाही.

शोधाचा एक मार्ग म्हणजे कान देणे. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथून दोन जवळच्या ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण रोखली. काही हाती लागले नाही. त्यानंतर उपकरणांची संवेदनक्षमता फार वाढली आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावनजीक खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना पसरलेल्या आहेत. २०१६ साली मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय यानाचा क्षीण संकेत याच दुर्बिणीने पृथ्वीवरून टिपला. अशा ऐकण्याने आपला पत्ता कोणालाच लागत नाही.

बोलण्याचे तसे नाही. अर्थात सर्वच बोलणे सारखे नव्हे. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत ५५ भाषांतील अभिवादनांत मराठीही आहे, आणि गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. मराठी माणसाला याचे अप्रूप वाटावे हे साहजिकच. परंतु व्हॉयेजर-१ दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास जाण्यास सुमारे ४०,००० वर्षे लागतील. तेथे भय कसले?

प्रश्न आहे तो शक्तिशाली रेडिओ संदेशांचा. आपली नभोवाणी आणि दूरचित्रवाणी कित्येक दशके अवकाशात झिरपत आहेच, मग आता लपवावयाचे काय, असे संदेशाचे पुरस्कर्ते विचारतात. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. नभोवाणीचे तरंग अनेक दिशांना पसरून विरळ होत जातात; अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई उरते. विरळ होणे एका दिशेने रोखलेल्या झोताच्याही वाट्याला येते. परंतु त्याची सारी शक्ती आरंभीच एकवटलेली असल्याने तो कितीतरी पटींनी दूरवर ओळखू येतो. स्टीफन हॉकिंग यांनी २०१० साली कोलंबसाच्या आगमनानंतर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची जी गत झाली, तिची आठवण करून दिली होती. अंतर हेच आपले संरक्षण आहे, हे त्यावरील उत्तर एम-१३ पुरते ठीक आहे.

गावाच्या सामाईक जमिनीचा प्रश्न ग्रामसभेपुढे यावा, अशी आपली अपेक्षा असते. पृथ्वीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे मात्र कोठेच ठरलेले नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने १९८९ साली काही तत्त्वे मांडली. परका संकेत मिळाल्यास आंतरराष्ट्रीय विचारविनिमयाखेरीज उत्तर देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. ती कायद्याने बंधनकारक नाहीत, आणि आपण होऊन हाक मारण्याचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. २०१५ साली अनेक शास्त्रज्ञांनी निवेदन काढून, जगभर चर्चा झाल्यावाचून संदेश पाठवू नयेत, अशी मागणी केली. पुढे दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, नॉर्वेतील ट्रॉम्सो येथून लायटन ताऱ्याभोवतीच्या एका ग्रहाकडे संदेश रवाना झाला. हा तारा केवळ १२ प्रकाशवर्षांहून थोडा अधिक दूर आहे. तेथे कोणी ऐकणारे असतील आणि त्यांनी लगोलग उत्तर दिले, तर ते २०४२ च्या सुमारास येथे पोहोचेल. आज प्राथमिक शाळेत बसणारी मुले तेव्हा कर्त्या वयाची झालेली असतील.