टीनएजमध्ये नैराश्याची गोळी: पहिले काही आठवडे एकटं राहू नका

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप.

समजा, गोंदियाहून नागपूरला आलेली अकरावीची एक मुलगी आहे. नीटचा क्लास, हॉस्टेलची खोली. दोन महिने झाले, झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही. घरचे डॉक्टरांकडे नेतात आणि एसिटालोप्रॅम सुरू होतं. रात्री ती मोबाईलवर गोळीचं नाव टाकते. समोर येतं: ‘तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात.’

आता ती काय करेल? गोळ्या फेकून देईल, नाहीतर घाबरत घाबरत गुपचूप घेत राहील. दोन्हींत धोका आहे. म्हणून आधी ही सूचना नीट समजून घेऊ.

सूचना आली कुठून?

ऑक्टोबर 2004 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. त्याआधी 24 चाचण्यांमधल्या 4,400 हून जास्त मुलांची माहिती तपासली होती. औषध घेणाऱ्या 100 पैकी साधारण 4 मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन दिसलं. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण 100 पैकी 2 होतं. त्या चाचण्यांमध्ये एकाही मुलाने आत्महत्या केली नाही. 2007 मध्ये हा इशारा 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही लागू झाला.

म्हणजे धोका खरा आहे, पण बहुतेकांना तो त्रास होत नाही. प्रश्न एवढाच, की ज्यांना होतो त्यांच्याकडे कोणाचं लक्ष आहे का?

असं का होतं?

नेमकं कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. काही मुलांना सुरुवातीला प्रचंड अस्वस्थता येते. एका जागी बसवत नाही, झोप उडते, चिडचिड वाढते. मन हलकं व्हायला मात्र कित्येक आठवडे लागतात. हा मधला काळच नाजूक. आणि मुळात बायपोलर आजार असेल, तर या गोळीने मन एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. घरात कुणाला तो आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

मग गोळी द्यायचीच कशाला?

कारण नैराश्यावर उपचार न करणं हाही जिवाशी खेळच आहे. 2004 मध्येच 12 ते 17 वयाच्या 439 मुलांवरचा एक अभ्यास आला. 12 आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्या 71 टक्के मुलांना चांगला फरक पडला. फक्त गोळीने 61 टक्के, दिखाऊ गोळीने 35 टक्के.

पण सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, बरं का. पॅरॉक्सेटिन मुलांसाठी चांगली असल्याचा दावा 2001 मध्ये एका शोधनिबंधात झाला होता. 2015 मध्ये तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा फायदा दिसलाच नाही, अपाय मात्र दिसले. म्हणून ‘मैत्रिणीला लागू पडली, मलाही चालेल’ हे गणित इथे चालत नाही.

गोळी सुरू असेल तर

• पहिले चार आठवडे आणि डोस बदलल्यावर दर आठवड्याला डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं. तारीख आधीच ठरवून घ्या.
• घरातल्या किंवा हॉस्टेलमधल्या एका माणसाला सांगून ठेवा. आपल्यातला बदल अनेकदा दुसऱ्यालाच आधी दिसतो.
• बेचैनी, झोप उडणं, भलतंच साहस, मरणाचे विचार यांपैकी काही आलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी कळवा.
• गोळी अचानक बंद करू नका. चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखं होऊ शकतं. डोस हळूहळू कमी करायचा असतो, तोही डॉक्टरांना विचारून.
• खोकल्याचं औषध किंवा पेनकिलर घेण्याआधीही विचारा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि ट्रामाडॉल यांचं या गोळ्यांशी जमत नाही.
• जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकल स्टोअरमधून महिनोन्‌महिने गोळ्या आणू नका.

आणि आई-बाबांनो, गोळ्यांचं पाकीट तुमच्याकडे ठेवा. पण ‘एवढं काय झालं तुला?’ असं विचारू नका. ‘आज कसं वाटतंय?’ एवढं पुरे.

नागपुरात कुठे जायचं?

मेडिकल, मेयो आणि एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. 1864 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालयही इथेच आहे. तिथे जाणं म्हणजे ‘वेडं’ ठरणं नाही. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे. 24 तास, मोफत, मराठीतही.

आपल्या त्या मुलीने त्या रात्री काय करावं? गोळी फेकू नये. स्क्रीनशॉट आईला पाठवावा आणि सकाळी डॉक्टरांना फोन करून विचारावं, ‘मी हे वाचलं, आता माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?’ हा प्रश्न विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे.

हा भाग ज्याला गरज आहे त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!