उतारवयातील हॅम्स्टरचे पोट का फुगते?

पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळी, मोशी, चाकण या परिसरात कारखान्यांपाठोपाठ सदनिकाही आल्या. लहान घरात कुत्रा पाळणे अवघड, म्हणून मुलांच्या हट्टाखातर पिंजऱ्यात मावणारा हॅम्स्टर आणला जातो. मात्र याचे आयुष्य जेमतेम दोन ते तीन वर्षांचे असते, हे फारसे कोणी सांगत नाही. दीड वर्षानंतर तो म्हातारा होऊ लागतो आणि एके दिवशी त्याचे पोट फुगलेले दिसते.

सिरियातील अलेप्पोजवळ १९३० मध्ये पकडलेल्या एका मादीची पिल्ले जेरुसलेमला आणली गेली. काळा आजाराच्या संशोधनासाठी तेथे हे प्राणी हवे होते. प्रयोगशाळांत पिढ्यानपिढ्या वाढल्यामुळे त्यांच्या वार्धक्यातील व्याधींचा चांगला अभ्यास झाला आहे.

गाठच असेल असे नाही

फुगलेले पोट हे लक्षण आहे, रोग नव्हे. अंडाशय, गर्भाशय, यकृत वा लसिका ग्रंथींत गाठ होऊ शकते. मूत्रपिंड व यकृतात विशिष्ट प्रथिन साचण्याचा विकार म्हाताऱ्या हॅम्स्टरमध्ये, विशेषतः मादीत, वारंवार आढळतो. त्यामुळे पोटात पाणी साठते. हृदय दुर्बल झाल्यानेही जलोदर होतो. यकृतात द्रवाने भरलेल्या पुटी होतात, तर मादीच्या गर्भाशयात पू साचू शकतो. तरुण मादी असेल तर गर्भधारणेचाही विचार करावा. तिचा काळ अवघा १६ दिवसांचा असतो.

काही गोष्टी मात्र स्वाभाविक असतात. दोन्ही कुशींवरील काळसर डाग या गंधग्रंथी होत. नराच्या शेपटीजवळील फुगवटा म्हणजे वृषण. मादीला दर चार दिवसांनी दिसणारा दाट पांढरट स्राव रोगाचा नसतो. त्याला दुर्गंधी येत असेल किंवा त्यात रक्त दिसत असेल, तर मात्र तातडीने उपचार हवेत.

काय करावे?

स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करून नोंद ठेवावी. पोट वाढते पण पाठीचा कणा हाताला लागतो, हे चिन्ह गंभीर समजावे. खाणे थांबले किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. ते अशा लहान प्राण्यांवर उपचार करतात का, हे आधी दूरध्वनीवरून विचारावे. क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा सुईने काढलेल्या द्रवाच्या तपासणीवरून निदान होते.

घरातील औषधे मुळीच देऊ नयेत. पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके हॅम्स्टरच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट करतात व ती प्राणघातक ठरू शकतात. पोट दाबून पाहणेही टाळावे.

त्वचेवरील गाठ किंवा पू झालेले गर्भाशय शस्त्रक्रियेने काढता येते. परंतु एवढ्याशा जिवाला भूल देण्यात जोखीम असते. पोटातील गाठ पसरली असल्यास वेदनाशामक उपचार, मऊ अंथरूण आणि हाताशी अन्न-पाणी हीच खरी शुश्रूषा. यातना आवरेनाशा झाल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने वेदनारहित मृत्यू देणे हीही दयाच आहे. मुलांपासून हे लपवू नये. प्राण्याचे आयुष्य लहान असले, तरी त्याची जबाबदारी शेवटपर्यंत आपली असते, हे त्यांना यातूनच उमगते.