कडू घासानंतरचा गोड घास

लावणीची घाई सरत आली असेल. अजून रोपं हातात असतील त्यांनी हे भाषण रात्री भाकऱ्या झाल्यावर वाचा, हरकत नाही.

आज जपानमधली एक गोष्ट सांगणार आहे. ती साध्या भातापासून सुरू होते, त्यामुळे आपल्या ताम्हिणी-मुळशीकडच्या बायकांना ती समजावून सांगायला नको. आणि ती आई गेलेल्या घराची असूनही हसवणारी आहे. आई गेलेल्या घराची गोष्ट हसवणारी कशी, असं तुमच्या मनात आलं असेल. तेच आज बोलायचं आहे.

जपानमध्ये चित्रांतून सांगितलेल्या गोष्टीला ‘मांगा’ म्हणतात. पेपरात चिंटू यायचा ना, तशाच चौकटी. फक्त गोष्ट लांबलचक असते. मासिकात एकेक प्रकरण येतं, मग त्यांची पुस्तकं निघतात. ती उजवीकडून डावीकडे वाचायची. तिथे मुलांइतकीच मोठी माणसंही मांगा वाचतात.

आपल्या गोष्टीचं नाव ‘आमाआमा तो इनाझुमा’, म्हणजे साधारण ‘गोडवा आणि वीज’. लेखन आणि चित्रं गिदो आमागाकुरे यांची. ही गोष्ट २०१३ ते २०१९ अशी चालली आणि तिची १२ पुस्तकं झाली. तिच्यात कोहेई नावाचे गणिताचे मास्तर आहेत. त्यांची बायको सहा महिन्यांपूर्वी वारली आहे. घरात ते आणि बालवाडीतली मुलगी त्सुमुगी, दोघंच. मास्तरांना स्वयंपाक येत नाही. विकतचे डबे आणायचे, मुलीपुढे ठेवायचे आणि आपण कामाला लागायचं, असं चाललेलं. मुलगी उपाशी नसते, पण तिच्यासोबत बसून कोणी जेवत नसतं.

मग शाळेतल्या एका विद्यार्थिनीच्या आईच्या खानावळीत दोघं जातात. आई कामामुळे बाहेर असते. ती मुलगी घाबरत, धडपडत मातीच्या भांड्यात नुसता भात शिजवते. झाकण उघडतं, वाफ येते आणि त्सुमुगीचा चेहरा खुलतो. लेक जेवताना बघून बापाला रडू येतं. त्या दिवसापासून तिघं मिळून रांधायला शिकतात. कधी काही बिघडतं, पोर भाजीला नाक मुरडते, रुसते, नाचते. वाचणारा हसतो. आणि मधूनच एखाद्या घासाला तिला आई आठवते, तेव्हा कोणी तिला ‘गप बस’ म्हणत नाही.

आता आपल्याकडे बघू. घरात माणूस गेलं की बऱ्याच घरांत चूल पेटत नाही. शेजारचे, भावकीतले जेवण आणून देतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. पुढे तेराव्या-चौदाव्याला गोडाचं जेवण होतं. जुन्या माणसांनी यात मोठं शहाणपण ठेवलं आहे. दुःखातल्या घराला स्वतःहून जेवणं सुचत नाही, म्हणून गावाने घास भरवायचा. आणि गोड घास देऊन सांगायचं, की आता परत जगायला लागा.

पण गोडाचं जेवण झालं की पाहुणे निघून जातात, डबे थांबतात. खरी ओढाताण तिथून सुरू होते. आई गेली असेल तर बापाला डाळीला किती पाणी घालायचं ते माहीत नसतं. बाप गेला असेल तर आई शेतावर किंवा मजुरीवर, आणि पोर एकटं ताट घेऊन बसतं. त्यात वर्षभर सण नाही, गोडधोड नाही. पोर खेळताना मोठ्याने हसलं की कोणीतरी म्हणतं, ‘बाप जाऊन महिना नाही झाला आणि हा बघा!’ पोर ते ऐकतं. पुढे हसू आलं की ते आधी आईच्या तोंडाकडे बघतं.

मैत्रिणींनो, लहान मुलांचं दुःख आपल्यासारखं सलग नसतं. पावसात पोरं डबक्यात उडी मारतात, चिंब होतात आणि लगेच बाहेर येऊन पळतात. त्यांचं दुःखही तसंच असतं. आत्ता रडलं, पाच मिनिटांनी विटीदांडू. याचा अर्थ त्याला आई-बापाची आठवण नाही असा होत नाही. लहान जीवाला एवढं दुःख एका वेळी पेलत नाही, म्हणून ते थोडं थोडं घेतं. मधलं हसणं ही त्याची विश्रांती आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे कायमचं, हे पुरतं कळत नाही. ‘बाबा गावाला गेलेत’ म्हटलं तर ते वाट बघतं. ‘झोपलेत’ म्हटलं तर झोपायला घाबरतं. म्हणून साध्या शब्दांत खरं सांगावं: बाबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत, पण आपण त्यांची आठवण काढू शकतो. तेच तेच विचारलं तर तेच तेच सांगावं. काही मुलांना वाटतं, मी त्रास दिला म्हणून आई गेली. ‘तुझ्यामुळे काही झालं नाही’ हे न विचारताही सांगून टाकावं.

अशी गोष्ट मराठीतही आहे. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ नावाचा सिनेमा २०१५ साली लागला होता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जर्मनीतल्या बर्लिनच्या महोत्सवातही तो गौरवला गेला. त्यात अकरा वर्षांचा चिनू आहे, वडील गेलेले. आईची सरकारी नोकरीत बदली होते आणि मायलेक पुण्याहून कोकणात जातात. आईचं काम अमृता सुभाष यांनी केलं आहे. आई आणि मुलगा दोघंही आपापलं दुःख एकमेकांपासून लपवतात. चिनूला सावरतात ती गावातली वात्रट पोरं: सायकली, समुद्र, खोड्या, भांडणं. सिनेमा बघताना आपण भरपूर हसतो आणि घशाशी आवंढाही येतो. वडिलांचा विसर पडलाय असं मात्र एकदाही वाटत नाही.

जपानमध्ये आपल्या पितृपक्षासारखा ‘ओबोन’ नावाचा सण असतो, बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये. पूर्वज घरी येतात असं मानून दिवे लावतात, आणि गावंच्या गावं एकत्र जमून फेर धरून नाचतात. गेलेल्यांची आठवण आणि आनंद एका अंगणात राहू शकतात, हे त्यांनी सणातच घालून ठेवलं आहे.

मुलांचं हसणं गाव एक वेळ माफ करतं, आईचं करत नाही. नवरा गेलेली बाई पोरासोबत खळखळून हसली की भुवया उंचावतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या विधवा प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कागदावरचा ठराव मोठा आहेच. पण तिच्या हसण्यावरची बंदी ठरावाने उठत नाही, ती शेजारणींनी उठवायची असते. आई हसायला बिचकली तर पोर कोणाकडे बघून हसणार?

मग आपल्या गटाने काय करायचं? आपल्या हातात असलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, तेराव्यानंतरचा डबा. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा आणि जेवण नुसतं पोचवू नका, त्या घरी बसून सोबत जेवा.

दुसरी, बापाला शिकवा. आई गेलेल्या घरी ‘बाप्याला काय जमणार’ म्हणून हसू नका. वरण, भात, भाकरी एवढं चुलीपाशी उभं राहून दाखवा. पोरांनाही सोबत घ्या, तांदूळ निवडायला, पाणी मोजायला.

तिसरी, नाव घ्या. ‘तुझ्या आईला हे खूप आवडायचं’ असं म्हणायला भिऊ नका. मुलं त्यासाठी आसुसलेली असतात. पहिल्या दिवाळीला आईला विचारून पोरांच्या हाती दोन करंज्या द्या, आणि हळदीकुंकवाला तिलाही मानाने बोलवा.

चौथी, हक्काची मदत. आई किंवा वडील गेलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम महिन्याला २,२५० रुपये केली आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो; अटी आणि कागद अंगणवाडी ताईंकडून समजून घ्या. दुःखातल्या बाईला हेलपाटे झेपत नाहीत, म्हणून गटातली एकजण तिच्यासोबत जाऊ द्या.

आणि एक लक्षात ठेवा. आठवडेच्या आठवडे मूल नीट जेवत-झोपत नसेल, शाळा टाकत असेल, ‘मला पण आईकडे जायचंय’ असं बोलत असेल, किंवा मोठं माणूसच अंथरुणातून उठत नसेल, तर वेळ घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. मुलांसाठी १०९८ आहे.

आपल्या वाडीत या वर्षी कोणाच्या घरी कडू घास गेला, ते तुम्हाला माहीत आहे. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की त्या घराचं नाव काढा आणि विचारा: गोड घास घेऊन या आठवड्यात कोण जाणार?