निळाच दिवा का? प्रकाशाची ऊर्जा : लाट आणि कण

मंडळी, इथं नौपाड्यात एखाद्या प्रसूतिगृहात गेलात, तर कावीळ झालेलं नवजात बाळ निळ्या दिव्याखाली ठेवलेलं दिसेल. त्याऐवजी भरपूर लाल दिवे लावले तर चालेल का? नाही चालणार. का, ते आज आपण बघू.

प्रकाश ही नुसती लाट मानली, तर लाट जितकी उंच, तितकी ऊर्जा जास्त. म्हणजे दिवे वाढवले की काम व्हायला हवं. पण १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडलं, की ही ऊर्जा सुट्या पुड्यांमध्ये येते. अशा पुडीला आपण फोटॉन म्हणतो. एका पुडीतली ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता. आता गंमत बघा : पुडी कणासारखी, पण तिची ऊर्जा काढायची लाटेच्या वारंवारतेवरून! म्हणून दोन्ही चित्रं लागतात.

४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या फोटॉनमध्ये सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, ६५० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनमध्ये १.९. बाळाच्या त्वचेतला बिलिरुबिनचा रेणू निळा फोटॉन शोषतो, त्याचा आकार बदलतो आणि मग तो शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. लाल पुडी त्याला अपुरी पडते. लाल दिवे वाढवले, की अपुऱ्या पुड्याच वाढतात. एकेक पुडी काही मोठी होत नाही. निळ्या दिव्याची तीव्रता वाढवली, तर मात्र दर सेकंदाला जास्त रेणू बदलतात. दिवा बाळापासून किती अंतरावर आहे, याला म्हणूनच महत्त्व.

बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा घरी रंगीत बल्ब लावून हा प्रयोग करायचा नाही, बाळाला डॉक्टरांकडेच न्यायचं.