खोल्या पाच, किल्ली एक

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच, वापरणारे पाच. माझे मराठी लेखन, सूनबाईंच्या कन्नड शाळेच्या प्रश्नपत्रिका, चिरंजीवांचे हिशेब, नातवाचे गेम. सौ. फक्त फोटो पाहायला बसते. पाचही जणांची खाती वेगळी. त्यामुळे एकाच्या खोलीतला कचरा दुसऱ्याच्या खोलीत जाणार नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

२०१९ च्या दिवाळीच्या सुटीत नातवाने विकतचा गेम फुकटात चालवणारा 'क्रॅक' इंटरनेटवरून उतरवला. अँटिव्हायरसने अडवले, तर त्याने तोच बंद केला. पडद्यावर 'यस की नो' आले, यस दाबले. संध्याकाळी पाहतो तर सगळ्यांच्याच फाइलींच्या नावांना विचित्र शेपूट लागलेले. एकही उघडेना. सोबत पैशांच्या मागणीची चिठ्ठी. पैसे भरूनही फाइली मिळतीलच असे नसते. आम्ही भरले नाहीत. कपाटातल्या हार्डडिस्कवर गणपतीपर्यंतची नक्कल होती, तेवढे परत मिळाले. पण दसऱ्याला धारवाडहून आमचे व्याही आले होते, ते फोटो गेले. कॅमेऱ्याचे कार्ड आम्हीच रिकामे केले होते. व्याह्यांचे आमच्याकडचे ते शेवटचेच येणे ठरले. सूनबाई नातवाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याचेच त्याला जास्त लागले.

चूक खरे तर माझी. पाचही खाती मी 'ॲडमिनिस्ट्रेटर' ठेवली होती. म्हणजे खोल्या वेगळ्या, पण प्रत्येकाच्या हातात सगळ्या घराची किल्ली! विंडोजमध्ये 'स्टँडर्ड' खातेही असते. त्यातून चालणारा प्रोग्राम सहसा दुसऱ्याच्या फाइलींना हात लावू शकत नाही. सिस्टिममध्ये बदल करायचा तर नुसत्या यसने भागत नाही, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो.

आता तसे खाते एकच आहे आणि रोजच्या कामाला ते कुणीच उघडत नाही. तरी स्टँडर्ड खात्यातही ज्याच्या त्याच्या फाइली आणि सामायिक 'पब्लिक' फोल्डर बिघडू शकतेच. म्हणून दर पगाराच्या दिवशी फोटोंची नक्कल करायची आणि हार्डडिस्क लगेच काढून कपाटात ठेवायची. जोडून ठेवली तर तीही तावडीत सापडते. अँटिव्हायरस सगळ्या खात्यांना मिळून एकच पुरतो. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' मुळातच असतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आम्ही ११ वर आलो.

नातू आता कॉलेजात आहे. काही नवीन घालायचे असले की आतून हाक येते, "आजोबा, पासवर्ड हाक्री!" कुठून उतरवलेस, ते मी आधी विचारतो.