स्कूटीवर बुरखा चालतो, मग सायकलवर का नाही?

उर्दू माध्यमाच्या बऱ्याच शाळा सातवी किंवा आठवीला संपतात. शाळा घरापासून दोन गल्ल्या पलीकडे असते तोवर मुलगी रोज येते, पुढच्या बाकावर बसते, वर्गात नंबरही काढते. नववीचे हायस्कूल तीन-चार किलोमीटर लांब निघाले की घरात हिशेब सुरू होतो. रिक्षाचे महिन्याला किती? सोडायला कोण जाणार, आणायला कोण? एकटी गेली तर लोक काय म्हणतील? या हिशेबात कितीतरी मुलींची तालीम तिथेच थांबते. कायद्याचा आधारही नेमका इथेच सुटतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे, पण हा कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांपुरताच आहे.

चार किलोमीटर म्हणजे सायकलवर वीस मिनिटे. रिक्षाचे भाडे नाही, कुणाची वाट पाहणे नाही. तरी पालकसभेत सायकलचे नाव काढले की अर्ध्या माना खाली जातात.

बिहार सरकारने 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेले दिसले. मुलगे-मुलींमधला फरक 40 टक्क्यांनी कमी झाला. ज्या गावांपासून हायस्कूल 3 किलोमीटरहून लांब होते, तिथे फायदा जास्त होता. म्हणजे मुलींना शिकायचे होतेच, अडचण रस्त्याची होती. पुढे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट समोर आली. देशातल्या ग्रामीण भागात सायकलने शाळेत जाणाऱ्या मुली 2007 मध्ये 4.5 टक्के होत्या, 2017 मध्ये 11 टक्के झाल्या. गावातली मुलगी सायकलवर बसली आहे, आणि आपल्या शहरी मोहल्ल्यातली मुलगी अजून गॅलरीतून बघते आहे.

आता मुद्द्याचे बोलू. आपल्याकडे पहिली हरकत पर्द्याची घेतली जाते. पण मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, कुठेही बघा. नकाब घातलेल्या बायका स्कूटी चालवताना दिसतात. पुढे मूल उभे, मागे सासूबाई, पायाशी भाजीची पिशवी. दहा-पंधरा वर्षांपूर्वी यावरही लोक बोलायचे, आज कुणी मान वळवूनही बघत नाही. कपडा तोच, रस्ता तोच, बाईही तीच. मग सायकलवरच बेपर्दगी कशी होते? मी काही आलिम नाही. मसला विचारायचा असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना जरूर विचारावा. एवढे मात्र सगळ्यांना माहीत आहे की उंटावर स्वार होणाऱ्या स्त्रियांमध्ये कुरैशच्या स्त्रियांची तारीफ सहीह बुखारीत आली आहे. ज्या सौदी अरबचा दाखला आपण उठता-बसता देतो, तिथे 2018 च्या जूनपासून बायका मोटारी चालवतात. सायकलची हरकत दीनपेक्षा रिवाजाची जास्त आहे, असे माझे मत आहे. आणि त्यात थोडी इज्जतीचीही भर आहे, कारण सायकल गरिबाची समजली जाते. स्कूटीवरची सून म्हणजे खातेपिते घर, सायकलवरची सून म्हणजे नवऱ्याला परवडत नाही.

कपड्याची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. अबायाचा घेर चेनमध्ये जातो, ओढणी मागच्या चाकात गुंडाळते. अशी बाई पडली की पुन्हा सायकलला हात लावत नाही आणि सगळ्या खानदानात तो किस्सा वर्षभर चालतो. याला इलाज आहेत, फक्त दुकानदार आपणहून सांगत नाही. सायकल घेताना मधला आडवा दांडा नसलेली, म्हणजे लेडीज सायकल घ्यावी. चेनवर अर्धे नाही, पूर्ण झाकणारे कव्हर बसवून मागावे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी लावता येते, मोटारसायकलला साडीसाठी लावतात तशीच. ओढणी आत खोचून पिन लावावी, घेर मोठा असेल तर खालच्या काठाला इलॅस्टिकची पट्टी. अबाया कोट पद्धतीचा, थोडा आखूड आणि आत सैल सलवार असेल तर अडचणच उरत नाही. मोहल्ल्यातला कोणताही टेलर एका दिवसात शिवून देईल.

एक भीती अशी आहे की जी पालकसभेत कुणी बोलत नाही, पण अम्मी लोकांच्या मनात असते. वयात आलेल्या मुलीने सायकल चालवली तर तिच्या कुंवारेपणाला धक्का लागेल, पुढे निकाहाच्या वेळी प्रश्न उठेल. हे स्पष्टच लिहायला हवे. शरीरातला तो पडदा प्रत्येक मुलीत जन्मतः वेगळा असतो, आणि त्यावरून कुठल्याही मुलीच्या चारित्र्याबद्दल काहीही सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये जाहीर सांगितले आहे की कौमार्याच्या चाचणीला कसलाही वैज्ञानिक आधार नाही. पुढे बाळंतपणात त्रास होतो, हाही वहमच. पाळीच्या दिवसांतही सायकल चालते, त्रास वाटला तर त्या दिवशी चालवू नये, एवढेच. ही भीती बोलून दाखवली जात नाही म्हणून ती कुणी दूरही करत नाही, आणि मुलीला कारण सांगितले जाते रस्त्यावरच्या गर्दीचे.

रस्त्यावरची गर्दीही खोटी नाही म्हणा. हायवे ओलांडावा लागत असेल, ट्रकची ये-जा असेल, तर वालिदैन घाबरणारच. पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत, तिथे आज सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यांवर गाड्या उभ्या असतात, मग आपल्या गावांचे काय बोलावे! शिवाय चौकातली टवाळ पोरे. यावर मुलीला घरी बसवणे हा आपला ठरलेला उपाय आहे. गुन्हा पोरांचा आणि सजा मुलीला. चार-पाच मुली मिळून गेल्या तर फरक पडतो हे शाळेत दिसते. एकटीला आवाज देणारा पाच सायकली बघून गप्प बसतो. तरीही त्रास झालाच तर 112 वर फोन करावा. बऱ्याच शहरांत पोलिसांचे दामिनी पथक आहे, शाळेमार्फत त्यांना सांगितले तर ते शाळा सुटण्याच्या वेळी फेरी मारतात.

मुलींबद्दल इतके बोललो, पण त्यांच्या अम्मींचे काय? पुरुषाचा प्रवास सरळ असतो, घर ते काम आणि काम ते घर. बाईचा तसा नसतो. मुलाला मदरशात सोड, येताना रेशन घे, वाटेत आईची गोळी, मग शिलाईचे तयार कपडे पोचव. प्रत्येक ठिकाण एक-दीड किलोमीटरवर, प्रत्येक वेळी हातात ओझे. इतक्याशा अंतराला रिक्षा परवडत नाही, पायी जाऊन दुपार संपते. अशा कामाला सायकलसारखे दुसरे वाहन नाही. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांनी त्याला जोर दिला. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिले आहे की दीड वर्षात एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकलवर आल्या. रूढी पाळणाऱ्या मुस्लिम घरांतल्या तरुण मुलीही त्यांत होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर लेकराची सीट बसते.

आपल्या राज्यातही योजना आहे. मानव विकास कार्यक्रमात मागास ठरवलेल्या 125 तालुक्यांतल्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या आणि शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. आधी ही रक्कम 3,500 रुपये होती, 2022 मध्ये 5,000 झाली. पैसे मुलीच्या बँक खात्यात येतात, म्हणून तिचे खाते आणि आधार जोडलेले हवे. आपला तालुका यादीत आहे का, हे शाळेच्या कार्यालयात विचारावे. विचारायला कुणी येत नाही, ही आमची शिक्षकांची तक्रार आहे. आणि एक गोष्ट भावांसाठी. सायकल बहिणीच्या नावावर आली असेल तर ती बहिणीलाच चालवू द्या.

ज्या बायका लहानपणी शिकल्या नाहीत त्यांना वाटते की आता वय गेले. शिकायची सोपी पद्धत आहे. दोन्ही पायडल पान्याने काढून ठेवा. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील. मग पायांनी ढकलत चाला, थोड्या वेळाने पाय उचलून सायकल घरंगळू द्या. ब्रेक मात्र आधी शिका. तोल आला की पायडल परत बसवा, आणि सीट वर घ्यायची घाई करू नका. मागून कॅरिअर धरून पळणारा कुणी लागत नाही. बहुतेकींना चार-पाच दिवसांत जमते. जागा नाही म्हणाल तर रविवारी शाळांची मैदाने रिकामी असतात. मुख्याध्यापकांना पाच-दहा बायकांनी मिळून अर्ज दिला तर फज्रनंतरचा एक तास सहसा मिळतो.